रताळी टिकवावीत कशी?

महाशिवरात्रीचा किंवा आषाढी एकादशीचा उपवास सुटला, की अनेक घरांतील भाजीच्या टोपलीत चार-सहा रताळी मागे उरतात. सणाच्या आदल्या दिवशी चढ्या भावाने घेतलेली असल्याने ती टाकवतही नाहीत. मग कुणी ती कांद्या-बटाट्यांच्या जोडीला ठेवते, तर कुणी स्वच्छ धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ढकलते. आठ-दहा दिवसांनी आठवण होते, तेव्हा एखाद्याचे टोक मऊ पडलेले असते, एखाद्याला कोंब फुटलेले असतात, तर एखादे वरून धडधाकट दिसले तरी शिजवल्यावर मध्यभागी लाकडासारखे टणक निघते. यात रताळ्याचा दोष नसतो. बटाटा आणि रताळे ही भावंडे आहेत, ही आपली समजूत या नुकसानीच्या मुळाशी आहे.

वास्तविक या दोघांचे नाते केवळ नावापुरते आहे, आणि तेही गमतीदार आहे. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला, आणि तिथे तो रताळ्याचे नाव होता. युरोपीयांनी तो उचलला, दुसऱ्याच एका कंदाला चिकटवला आणि पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे रूढ झाला. म्हणजे आज आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याने रताळ्याचे नाव पळवलेले आहे! वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला, तर रताळे गारवेलीच्या आणि नाळीच्या भाजीच्या कुळातले. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड आहे. रताळे हे फुगलेले मूळ आहे. साठवणीच्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाचा फरक असा, की काढणीनंतर बटाटा काही आठवडे ‘झोपतो’, त्या काळात त्याला कोंब येत नाहीत. रताळ्याला अशी विश्रांती ठाऊक नाही. ऊब आणि ओल मिळताच ते पुन्हा वाढू लागते. शिवाय ते उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून आलेले असल्याने बटाट्याला मानवणारा गारवा त्याला सोसत नाही.

किनाऱ्यावरची अडचण

इंग्रजी पुस्तकांत रताळी साठवण्याची जी कृती दिलेली असते, ती तळघर असलेल्या घरांसाठी लिहिलेली असते. १३ ते १५ अंश सेल्सिअस तापमान, हवेत ८५ ते ९० टक्के आर्द्रता, अंधार आणि खेळती हवा मिळाली, तर रताळी सहा महिने आणि त्याहूनही अधिक काळ उत्तम राहतात. कृती अचूक आहे. पण ती डोंगरीत कशी करावी?

डोंगरी म्हणजे येथे मुंबईतील नव्हे, तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. राई, मुर्धे, मोर्वा मागे टाकले की डोंगरी लागते. पुढे उत्तन, पाली, चौक आणि समुद्र. हा सारा भाग जुन्या धारावी बेटाचा. वसईबरोबर तोही पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांच्या ताब्यात आला. रताळे भारतात पोर्तुगीजांबरोबर आले असे मानले जाते, तेव्हा या किनाऱ्याशी त्याची ओळख जुनी असण्यास हरकत नाही. मात्र येथील हवा त्याच्या साठवणीला अनुकूल नाही. फेब्रुवारीत रात्रीचे तापमान १८ अंशांच्या आसपास उतरते, पण दुपारी ते तिशी ओलांडते. मे महिन्यात रात्रीही २६-२७ अंशांच्या खाली पारा जात नाही. जुलैत तापमान थोडे उतरते, पण हवेतील ओल इतकी वाढते की कपाटातील चपलांनाही बुरशी येते. कौलारू घर असो वा भाईंदरमधील सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, १३ अंशांची जागा दोन्हीकडे नाही. थंड जागा म्हणून एकच उरते, ती म्हणजे फ्रिज. त्याचे तापमान चार ते आठ अंश, म्हणजे रताळ्याला झेपेल त्याहून बरेच कमी.

म्हणून किनारपट्टीवरील घरात रताळी ‘वर्षभर टिकवण्याचा’ हट्ट सोडून द्यावा आणि ती कोणत्या ऋतूत हाती आली आहेत ते आधी पाहावे. नवरात्राच्या सुमारास बेळगाव, खानापूर, चंदगड भागातील तांबड्या मातीतली नवी रताळी निघू लागतात आणि दिवाळीनंतर आपल्याकडील हवाही बरी होते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात घेतलेली चांगली रताळी नीट ठेवल्यास दीड-दोन महिने राहू शकतात. महाशिवरात्रीच्या आधी करमाळा, कराड परिसरातून येणारी रताळी चवीला सुरेख असतात. परंतु त्यांच्यापुढे उन्हाळा उभा असतो. ती दोन-तीन आठवड्यांत संपवावीत किंवा वाळवावीत. वाळवणाला याच्याइतका चांगला काळ नाही. आषाढीची रताळी मात्र साठवणीसाठी घेऊच नयेत. त्या दिवसांत त्यांना आठवडाभरात कोंब तरी फुटतात किंवा बुरशी तरी धरते. लागतील तेवढीच आणावीत, आणि उरलीच तर लगेच उकडून ठेवावीत.

निवड आणि जखमा

साठवणीची निम्मी लढाई बाजारातच जिंकली किंवा हरली जाते. हातगाडीवर लालचुटूक, चकचकीत रताळी दिसली की हात आपोआप तिकडे जातो. ती धुतलेली असतात. रताळ्याची साल पातळ असते. धुताना ती खरचटते आणि खाचांत पाणी राहते. उपवासाच्या दिवशी शिजवायला ती खुशाल घ्यावीत, पण ठेवायची असतील तर माती लागलेली, कोरडी, मध्यम आकाराची, दोन्ही टोके शाबूत असलेली रताळी निवडावीत. फार मोठे रताळे आतून दोरेदार असण्याचा संभव असतो, तर बारीक मुळ्यांसारखी रताळी लवकर सुकतात. कुदळीचा घाव बसलेले, मऊ डाग असलेले किंवा बारीक गोल भोके पडलेले रताळे साठवणीत कधीही घालू नये. घरी आणल्यावर त्यांना पाणी लावू नये. माती फार असेल तर ती वाळू द्यावी आणि हाताने हलकेच झटकावी.

आता या पिकाच्या साठवणीतील सर्वांत महत्त्वाची, पण आपल्या घरांत जवळजवळ अपरिचित असलेली गोष्ट. रताळे जमिनीतून काढताना त्याला असंख्य बारीक जखमा होतात. योग्य हवा मिळाली तर ते स्वतःच या जखमा भरून काढते: कापलेल्या जागेच्या पेशींत बुचासारखे द्रव्य तयार होते आणि त्याखाली नवी साल धरते. ही साल बुरशीला अडवते आणि आतील पाणी राखते. त्यासाठी साधारण २९ ते ३२ अंश तापमान आणि ८५ ते ९५ टक्के आर्द्रता चार ते सात दिवस लागते. शेतीच्या भाषेत याला ‘क्युअरिंग’ म्हणतात. परदेशांत यासाठी खोल्या तापवतात, त्यांत वाफ सोडतात. डोंगरी-उत्तनला दसऱ्याच्या सुमाराची हवा जवळजवळ अशीच असते, आणि तीही फुकट! जी हवा रताळी दीर्घकाळ ठेवायला वाईट, तीच पहिल्या आठवड्यात त्यांना बरे करणारी असते. आपण मात्र नेमके त्याच आठवड्यात त्यांना फ्रिजमध्ये कोंबतो.

घरी हे करणे अवघड नाही. रताळी एकमेकांना न चिकटतील अशा बेताने टोपलीत किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एका थरात मांडावीत, वर वर्तमानपत्र पसरावे आणि स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात, उन्हापासून दूर पाच ते सात दिवस ठेवावीत. हवा कोरडी असेल तर शेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. उन्हात मात्र वाळत घालू नयेत. कांद्याला मानवते ते रताळ्याला मानवत नाही, त्याची साल भाजून निघते. हा उपाय ताज्या रताळ्यांनाच पुरता लागू पडतो, हेही सांगितले पाहिजे. काढणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेल्या, बाजारात या हातातून त्या हातात फिरलेल्या मालाच्या जखमा अशा सहजी भरून येत नाहीत. म्हणून थेट शेतकऱ्याकडून, काढल्या काढल्या रताळी मिळत असतील तर ती संधी सोडू नये.

सात दिवसांनंतर त्यांना घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या आणि वारा खेळत्या जागी हलवावे. जुन्या घरांत ही जागा मातीच्या जमिनीवर, पडवीच्या आतल्या कोपऱ्यात असते. माळ्यावर नव्हे, कारण कौलांखालील माळा दुपारी भट्टीसारखा तापतो. फ्लॅटमध्ये उत्तरेकडील भिंतीलगतचे खालचे कपाट बरे. प्रत्येक रताळे कागदात स्वतंत्र गुंडाळले, की एकाची सड दुसऱ्याला लागत नाही. प्लॅस्टिकची बंद पिशवी सर्वथा टाळावी. रताळे श्वास घेते, त्या श्वासाचे पाणी पिशवीत साचते आणि तीन-चार दिवसांत त्याला घाम फुटल्यासारखे दिसते. पिकती केळी आणि सफरचंदे जवळ नसावीत. त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूने रताळ्याची चव आणि रंग बिघडतो.

कोरड्या वाळूत रताळी ठेवण्याची जुनी रीत आजही चांगली आहे. खोक्याच्या तळाशी चार बोटे स्वच्छ, पूर्ण वाळलेली वाळू, तिच्यावर रताळ्यांचा थर, पुन्हा वाळू, असे दोन-तीन थर द्यावेत. वाळू तापमानातील चढउतार सौम्य करते, आतील ओल एकदम उडू देत नाही आणि किडीची वाट अडवते. काही भागांत वाळूत थोडी चुलीची राख मिसळतात, तीही किडीसाठीच. मात्र वाळू समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आणू नये. ती खारी असते, खारटपणा हवेतील ओल ओढून घेतो आणि वाळू कधीच पुरती कोरडी राहत नाही. (किनाऱ्यावरील वाळू उचलणे कायद्यालाही मंजूर नाही, ते वेगळेच.)

फ्रिजचे काय?

कच्चे, अखंड रताळे फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहिले तर आकाश कोसळत नाही. पण १० ते १२ अंशांखाली आठवडाभर गेला, की त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. बाहेरून काही दिसत नाही. बाहेर काढल्यावर डाग उमटतात, सड झपाट्याने वाढते आणि शिजवल्यावर गाभा कितीही वेळ कुकरमध्ये ठेवला तरी मऊ होत नाही. उपवासाच्या किसात कच्चट, टणक तुकडे का राहतात याचे उत्तर अनेकदा चुलीपाशी नसते, फ्रिजच्या भाजीच्या खणात असते.

शिजवल्यावर नियम उलटा होतो. उकडलेले रताळे आपल्या हवेत बाहेर ठेवू नये; गार होताच झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. त्याहून अधिक काळ ठेवायचे असेल तर फ्रीझर. उकडून, सोलून, गरम असतानाच कुस्करून त्यात लिंबाचे थोडे थेंब घालावेत म्हणजे रंग काळवंडत नाही. एका वेळच्या पोळ्यांना किंवा गुलाबजामांना पुरेल एवढे लगद्याचे चपटे पाकीट करून, हवा दाबून काढून ठेवल्यास सहा-आठ महिने ते चांगले राहते. चपटे अशासाठी, की लवकर गोठते आणि लवकर सुटते. कच्च्या फोडी मात्र गोठवू नयेत. सुटल्यावर त्या पाणचट आणि काळपट होतात.

उकडण्याऐवजी मंद आचेवर भाजून लगदा केल्यास तो अधिक गोड लागतो. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान रताळ्यातील एक विकर त्यातील पिष्टाचे माल्टोज साखरेत रूपांतर करते; जितका वेळ रताळे या तापमानात राहील तितकी गोडी वाढते. वसई-पालघरकडची उकडहंडी किंवा शेकोटीच्या निखाऱ्यात पुरलेले रताळे विसरता येत नाही ते यामुळेच. कुकर आणि मायक्रोवेव्ह हा टप्पा घाईघाईने ओलांडतात.

कडू लागले तर

आता थोडे गंभीर. बटाट्याचा सडका भाग कापून उरलेला वापरण्याची आपल्याला सवय आहे, आणि काटकसरीच्या घरात ती गुण मानली जाते. रताळ्याच्या बाबतीत ही काटकसर धोक्याची आहे. काही बुरशींचा किंवा किडीचा हल्ला झाला, की रताळे स्वसंरक्षणासाठी कडू द्रव्ये तयार करते. त्यांपैकी इपोमिअमॅरोन हे द्रव्य यकृताला अपायकारक आहे. बुरशी लागलेली रताळी खाऊन गुरांच्या फुफ्फुसांना सूज येऊन ती दगावल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. ही द्रव्ये डागापुरती राहत नाहीत, भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या भागातही पसरतात, आणि नेहमीच्या शिजवण्याने पुरती नष्ट होत नाहीत. म्हणून नियम सरळ ठेवावा: काळे-तपकिरी डाग आत खोलवर गेलेले, बुरशीचा वास येणारे किंवा शिजवल्यावर कडू लागणारे रताळे पूर्ण टाकून द्यावे. गाईलाही घालू नये. उपवासाच्या दिवशी टाकलेले रताळे गाईपुढे ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कोंबांचे तसे नाही. कोंब फुटलेले रताळे विषारी होत नाही. हा दोष बटाट्याचा आहे. कोंब मोडून रताळे खाता येते, फक्त ते थोडे सुकलेले, भेंडासारखे झालेले असते.

किडीविषयी एवढेच, की रताळ्यावरचा सोंडेरी भुंगा हा त्याचा जगभरातील सर्वांत मोठा शत्रू आहे. मुंगीसारखा दिसणारा, निळसर-काळा, मानेपाशी तांबडा असा हा किडा जमिनीच्या भेगांतून कंदापर्यंत पोचतो आणि त्यातच अंडी घालतो. साठवणीत असतानाही त्याची वाढ थांबत नाही. घरातल्या उबेत महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. बाजारातून आलेल्या पाच किलोंत एक किडके रताळे असले तरी सगळा साठा जाऊ शकतो. दर आठ दिवसांनी खोके उघडून पाहणे याला पर्याय नाही.

वाळवण

किनाऱ्यावरच्या दमट हवेत रताळे खऱ्या अर्थाने टिकते ते वाळवूनच. उत्तनच्या कोळीवाड्यात पावसाळा संपल्यापासून वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ज्या उन्हा-वाऱ्यात बोंबिलासारखा पाणीदार मासा कडक वाळतो, तेथे रताळ्याच्या चकत्या वाळणे काही कठीण नाही. (दोन्ही वाळवणांत पुरेसे अंतर असावे, विशेषतः चकत्या एकादशीसाठी असतील तर!) फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम.

रताळी धुऊन, सोलून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि त्या कापता कापता मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर हवा लागून तपकिरी पडतात. उपवासाला वापरायच्या असतील तर सैंधव घ्यावे. नंतर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळाव्यात. ही पायरी टाळू नये. तिच्यामुळे रंग राहतो आणि डब्यात ठेवल्यावर विचित्र वास येत नाही. स्वच्छ सुती कापडावर एकेक चकती सुटी पसरून वर जाळी घालावी. दोन-तीन कडक उन्हे पुरतात. रोज संध्याकाळी वाळवण घरात घ्यावे, कारण समुद्राकडून येणारी रात्रीची ओल दिवसभराचे वाळणे परत घालवते. चकती वाकली तर अजून ऊन हवे, कडकन मोडली तर झाली. ताज्या रताळ्यात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असते, त्यामुळे किलोभर सोललेल्या रताळ्यांच्या चकत्या पाव किलोच्या आसपास भरतात. हा आकडा आधी ठाऊक असलेला बरा; नाहीतर पहिल्यांदा करणाऱ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटते.

बटाट्याच्या किसासारखा रताळ्याचा कीसही वाळवता येतो. तो तळताना आच कमी ठेवावी, साखरेमुळे तो क्षणात करपतो. चकत्या दळून केलेले पीठ राजगिऱ्याच्या पिठात मिसळले की थालिपिठाला चांगली गोडी येते. नारिंगी गराच्या रताळ्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य भरपूर असते (अशा रताळ्यांच्या प्रसारासाठी झटणाऱ्या चौघा संशोधकांना २०१६ सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले), परंतु कडक उन्हात ते बरेच नष्ट होते. ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. आपल्याकडील पांढऱ्या गराच्या रताळ्यांत ते मुळातच नगण्य असल्याने तो प्रश्न येत नाही.

वाळवलेला माल पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात भरावा. पहिल्या आठवड्यात बरणीच्या आतल्या बाजूला दव दिसले तर पुन्हा ऊन द्यावे. पावसाळ्यात बरणी वारंवार उघडू नये; लहान लहान बरण्या भरणे सोयीचे.

एक सावधगिरी. लोणच्याच्या सवयीने कुणी रताळ्याचा लगदा बरणीत गच्च भरून, वर तेल ओतून किंवा उकळत्या पाण्यात बरणी ठेवून टिकवू पाहील, तर ते करू नये. रताळ्यात आंबटपणा फार कमी असल्याने हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि साध्या उकळण्याने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. साखरेच्या घट्ट पाकातील मुरंबा करता येतो, पण तोही फ्रिजमध्येच ठेवावा.

कोंब फुटलेले एखादे रताळे शेवटी उरतेच. ते जून महिन्यात कुंडीत किंवा अंगणाच्या कडेला आडवे पुरावे. वेल हातभर झाले की त्यांचे वीतभर तुकडे कापून भुसभुशीत, पाणी न साचणाऱ्या मातीत लावावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी ‘कोकण अश्विनी’ हा वाण दिलेला आहे. त्याचे वेल मिळाले तर उत्तमच. साडेतीन ते चार महिन्यांत रताळी तयार होतात, आणि लागतील तशी उकरून घेता येतात. जमीन फार कोरडी पडून भेगाळेपर्यंत थांबू नये, एवढेच. त्या भेगांतूनच भुंगा आत शिरतो.